गाडी आमची, झेंडा तुमचा

प्रति,
सर्व राजकीय पक्षांचे माननीय शहरप्रमुख, शहराध्यक्ष व जिल्हाध्यक्ष,
छत्रपती संभाजीनगर.



पत्र सगळ्यांना मिळून एकच लिहितो आहे. ज्या विषयावर लिहायचं आहे त्यात तुमच्यात काडीचाही मतभेद नाही, म्हणून वेगवेगळं लिहायची गरज वाटली नाही. झेंडे निराळे, घोषणा निराळ्या, एकमेकांची उणीदुणी काढायची तऱ्हा निराळी; पण प्रचार संपत आला की दुचाकी रॅली निघालीच पाहिजे, यावर तुमचं सर्वपक्षीय एकमत आहे. जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली. त्याआधीची एप्रिल २०१५ ची, म्हणजे मधे जवळपास अकरा वर्षं गेली. जागा ११५, प्रभाग बहुतेक चार-चार सदस्यांचे, त्यामुळे एकेका रॅलीत चार उमेदवारांची नावं पोरांनी घसा फोडून घ्यायची. हॉर्नचा गजर नगर नाक्यापर्यंत पोचत होता. आमच्या छावणीतली पोरंही त्या रॅल्यांत होती. गंमत अशी की, त्या निवडणुकीत छावणीतल्या पोरांना मतच नव्हतं. त्यावर पुढे येतो.

मी छावणीत राहतो. वाळूजच्या एका कारखान्यात पाळ्या केल्या, आता घरी असतो. समोरच्या चौकात पोरं गाड्या लावून बसतात, त्यामुळे रॅलीची जुळवाजुळव कशी होते ते फारसं न विचारता कळतं. आदल्या रात्री कुणा ‘भाऊ’चा निरोप येतो. त्यात उमेदवार कोण, त्याने काय केलं, काय करणार आहे, यातलं काही नसतं. एकच प्रश्न असतो : किती गाड्या आणतो? मग पोरं एकमेकांना फोन करतात. कुणाची दुसरी पाळी असते, तो कंत्राटदाराला तब्येतीचं सांगून खाडा करतो. कुणाकडे गाडी असते पण पेट्रोल नसतं, कुणाकडे दोन्ही नसतं पण मागे बसून झेंडा धरायची तयारी असते. सकाळी ठरलेल्या पंपावर चिठ्ठी दाखवायची, तेल टाकून घ्यायचं, मैदानावर जमायचं, गळ्यात उपरणं अडकवायचं. पुढच्या रांगेत फेटे बांधलेल्या मुली स्कूटीवर, कारण ड्रोनला त्या आधी दिसल्या पाहिजेत. त्यांच्यामागे बुलेट, मग पल्सर, मग उरलेले सगळे. दोन-अडीच तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये क्लच जाळत फिरायचं, शेवटी वडापाव आणि पाण्याची बाटली. संध्याकाळी रील येते आणि प्रत्येक जण आपली गाडी कुठे दिसते ते शोधतो.

यात राजकीय वजन कुणाला मिळतं? ज्याने गाडी चालवली त्याला नाही. ते मिळतं ‘पन्नास गाड्यांच्या माणसाला’. हा प्राणी तुम्ही सगळे ओळखता, किंबहुना तुमच्यापैकी काही जण स्वतः तिथूनच वर आला आहात. त्याच्याकडे मतदार याद्या नसतात. कुठल्या गल्लीत नळाला पाणी कधी येतं, हेही त्याला ठाऊक नसतं. त्याच्या फोनमध्ये पन्नास गाडीवाल्यांचे नंबर असतात, एवढीच त्याची पुंजी. निवडणूक झाली की तो युवा आघाडीचा काहीतरी होतो, वाढदिवसाच्या फलकावर साहेबांच्या डाव्या खांद्याजवळ त्याचा चौकोनी फोटो लागतो, आणि एखाद्या छोट्या कामाचं कंत्राट त्याच्या मेहुण्याच्या नावावर निघतं. पुढच्या निवडणुकीत तो शंभर गाड्यांचा माणूस होतो. ज्या पन्नास जणांच्या जिवावर हे झालं, त्यांची नावं त्यालाही धड आठवत नाहीत.

तुम्ही म्हणाल, कार्यकर्ता असाच घडतो. मला ते मान्य नाही, आणि या शहराचा इतिहासच माझ्या बाजूने आहे.

१९८५ हे साल घ्या. त्या वर्षी ८ जूनला शिवसेनेची मराठवाड्यातली पहिली शाखा या शहरात उघडली. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला तेव्हाचे राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते बजाजच्या वाळूज कारखान्याचं उद्घाटन झालं. पाच महिन्यांच्या अंतराने शहरात तरुणांचं राजकारण आलं आणि दुचाकीही आली. पुढची चाळीस वर्षं या दोघांचा संसार आपण बघतो आहोत. वाळूजमुळे खेड्यातल्या पोराच्या हातात पगार आला, पगारावर हप्ता बसला, हप्त्यावर गाडी आली. कन्नड, पैठण, गंगापूरकडून आलेली पोरं या शहराच्या कडेकडेने स्थायिक झाली ती गाडीच्या भरवशावर. शहर बसेसनी त्यांना कधी कामावर नेलं नाही.

१९८८ साली महापालिकेची पहिली निवडणूक झाली. शिवसेनेने ६० पैकी २७ जागा घेतल्या. पक्षाला इथे येऊन तीन वर्षं झाली नव्हती. त्या राजकारणातलं विष मला तेव्हाही पचलं नाही आणि आजही पचत नाही. या शहरात दंगलींनी ज्यांचं नुकसान झालं त्यांना ते कुणी सांगायची गरज नाही. पण कामाची पद्धत बघितली तर शाखेतला पोरगा तेव्हा गल्लीचा माणूस होता. रेशनकार्ड, दवाखाना, शाळेचा दाखला, पोलीस ठाण्यातला निरोप अशा कामांसाठी लोक शाखेत येत. दुचाकी असली तर ती या कामांसाठी पळायची. म्हणून त्या पोरांतले काही नगरसेवक झाले. चंद्रकांत खैरे १९८८ ला नगरसेवक, १९९० ला आमदार, पुढे मंत्री आणि १९९९ पासून सलग चार वेळा खासदार झाले. ते ज्या वाटेने गेले तिला पायऱ्या होत्या, आणि पहिल्या पायरीवर गल्ली होती.

आणि त्याच खैरे यांचा २०१९ मध्ये इम्तियाज जलील यांनी पराभव केला तो ४,४९२ मतांनी. लोकसभेच्या मतदारसंघात एवढा फरक म्हणजे दर मतदान केंद्रामागे दोन-चार मतं. एवढी मतं हॉर्न वाजवून इकडची तिकडे होत नसतात. यादीत नाव आहे की नाही हे आठवडाभर आधी बघणं, केंद्र बदललं असेल तर घरी जाऊन सांगणं, बाहेरगावी कामाला गेलेल्याला वेळेवर फोन करणं, अशाने होतात. तुमच्या खोलीत बसून निवडणूक लढवणाऱ्या जाणत्या माणसांना हे पक्कं माहीत आहे. तरीही सगळा पैसा आणि पोरांची सगळी ताकद तुम्ही रॅलीवर उधळता, कारण रॅली दिसते. यादीचं काम कुठल्याच रीलमध्ये बसत नाही.

आता या हौसेची किंमत कोण मोजतं ते बघू. हिशेब तुमच्यासमोर कुणी मांडला नसेल, म्हणून मांडतो.

निवडणूक आयोगाचे नियम तुम्हाला तोंडपाठ आहेत. ताफ्यात दहाहून जास्त गाड्या सलग नकोत, दुचाकीवर एक फूट बाय अर्धा फूट एवढाच एक झेंडा. प्रत्यक्षात झेंड्याचा बांबू गाडीपेक्षा लांब असतो आणि मागच्याच्या डोळ्यात जायला टपलेला असतो. २०२१ च्या विधानसभा निवडणुकांच्या वेळी आयोगाने मतदानाच्या ७२ तास आधीपासून दुचाकी रॅल्यांवर बंदी घातली, कारण काही ठिकाणी या गाड्या मतदारांना धमकवायला वापरल्या जातात अशा तक्रारी होत्या. म्हणजे सरकार-दरबारी आमच्या पोरांची प्रतिमा काय झाली आहे तेही लक्षात घ्या. शिवाय मतदानाच्या दिवशी एखादा पोरगा शेजारच्या आजीला गाडीवर बसवून केंद्रावर नेतो. मनाने नेत असेल तर चांगलंच आहे. पण उमेदवाराच्या माणसाने त्याला त्या कामाला लावलं असेल, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाखाली मतदारांची फुकट ने-आण हे भ्रष्ट आचरण ठरतं. हे त्या पोराला कुणी सांगतं का? त्याला एवढंच कळतं की भाऊने सांगितलं.

परवानगीपेक्षा जास्त गाड्या निघाल्या, मार्ग बदलला, दुसऱ्या पक्षाची रॅली समोर आली आणि बाचाबाची झाली, तर गुन्हा दाखल होतो. फिर्यादीत ‘व इतर’ असतात. ‘इतर’ कोण, तर ज्यांच्या गाडीचा नंबर व्हिडिओत नीट दिसतो ते. उमेदवाराच्या उघड्या जीपला हार एवढे असतात की नंबर झाकलेला असतो. त्या पोराने पोलीस भरतीचा किंवा सैन्य भरतीचा फॉर्म भरला की चारित्र्य पडताळणी होते. छावणीतल्या पोरांना सैन्याचं वेड आहे, ते असणारच. लहानपणापासून परेड बघतच ती मोठी होतात. आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय वेळोवेळी निघतात हे खरं. पण त्यासाठी अर्ज करायला, पाठपुरावा करायला, कोर्टात उभं राहायला माणूस लागतो. पुढाऱ्याला वकील असतो. पोलीस शिपाई भरतीत खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा २८ आहे, आणि तारखा काही पोराचं वय बघून पडत नाहीत.

विम्याचं तर कुणी नावच काढत नाही. गाडीच्या विम्याबरोबर १५ लाखांचं अपघाती कवच सक्तीचं आहे, पण ते गाडीच्या मालकाला, तो स्वतः चालवत असताना, त्याच्याकडे वैध परवाना असेल तर. मित्राची गाडी मागून आणलेल्याला ते नाही. मागे बसून झेंडा धरणाऱ्याला नाही. तिघं बसले असतील तर मधल्याचा आणि मागच्याचा वालीच नाही. रॅलीत हेल्मेट घालायचं नसतं, कारण उपरणं आणि चेहरा दिसला पाहिजे. २०१६ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांनी या शहरात हेल्मेटसक्ती लावली होती, तेव्हा काही महिने तरी डोकी झाकलेली दिसली. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट नव्हतं म्हणून गेलेल्यांचा सरकारी आकडा ५०,०२९. याच रस्त्यांवर तुम्ही पाचशे उघडी डोकी एकमेकांना खेटून पळवता आणि त्याला शक्तिप्रदर्शन म्हणता.

छावणीला स्वारांचा इतिहास आहे. या लष्करी तळावर हैदराबाद कंटिन्जंटचं घोडदळ होतं, आणि ते शिलेदारी पद्धतीचं होतं. म्हणजे घोडा स्वाराचा, हत्यार स्वाराचं, घोडा मेला तर तोटाही बराचसा स्वाराचाच. मराठी माणसाला शिलेदार आणि बारगीर यातला फरक सांगायला नको. बारगिराचा घोडा धन्याचा असे. जून १८५७ मध्ये याच छावणीतल्या पहिल्या घोडदळाने बंड केलं. दफेदार मीर फिदा अली यांनी कॅप्टन अॅबटवर गोळी झाडली, त्यांना फाशी झाली. क्रांती चौकातला काला चबुतरा त्याच शिक्षांची खूण आहे. तुमच्या रॅल्या त्याच चौकातून वळतात. आमची पोरं आज पुरती शिलेदार आहेत. गाडी त्यांची, हप्ता त्यांचा, पंक्चर त्यांचं, हाड मोडलं तर तेही त्यांचं. पण शिलेदाराला निदान पगार ठरलेला होता आणि स्वार म्हणून त्याचं नाव दप्तरात होतं. तुमच्या दप्तरात आमच्या पोरांची नोंद कुठे आहे? उमेदवाराच्या खर्चाच्या वहीत तर ती नसतेच. तिथे बहुतेक गाड्या ‘समर्थक स्वखर्चाने आले’ या वाक्यात गडप होतात. विधानसभेला ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाखांची मर्यादा पाळायची असते ना.

दुचाकीस्वारांना राजकारणात वजन येऊच शकत नाही, असं मात्र नाही. जगात ते आलं आहे, आणि ते कसं आलं हे पोरांनीही वाचावं असं आहे.

अमेरिकेत १९६६ च्या महामार्ग सुरक्षा कायद्यानंतर, हेल्मेटसक्ती न करणाऱ्या राज्यांचा केंद्रीय निधी अडवता येत होता. त्यामुळे १९७५ पर्यंत जवळपास सगळ्या राज्यांत सक्ती आली. मोटारसायकलवाल्यांच्या संघटना चिडल्या. त्यांनी मोर्चे काढले, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. ते आपापल्या मतदारसंघातल्या उमेदवारांच्या प्रचार कार्यालयात जाऊन फुकट राबू लागले : पत्रकं वाटणं, पाकिटं भरणं, दारोदार फिरणं, फोन करणं. चामड्याची जाकिटं घातलेली ही दाढीवाली माणसं वेळेवर येतात, पैसे मागत नाहीत आणि सांगितलेलं काम पुरं करतात, हे उमेदवारांच्या लक्षात आलं. निवडून आल्यावर याच माणसांचा फोन आला की तो घेतला जाऊ लागला. १९७६ मध्ये अमेरिकी संसदेने निधी अडवायची तरतूद काढून टाकली, आणि पुढच्या काही वर्षांत निम्म्याच्या आसपास राज्यांनी हेल्मेटचे कायदे रद्द किंवा सैल केले. परिणाम व्हायचा तोच झाला. त्या राज्यांत डोक्याला मार लागून मरणारे वाढले. मागणी चुकीची होती असंच माझं मत आहे. पण मूठभर लोकांनी मागणी मान्य करून घेतली ती कष्टाने, आणि एकच मागणी धरून.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं. तिथेही दुचाकीवाल्यांनी वजन वापरलं ते हेल्मेटविरुद्धच. २०१९ च्या सुरुवातीला हेल्मेटविरोधी कृती समितीने रान उठवलं. विधानसभेची निवडणूक जवळ आली तेव्हा पुण्यातल्या आमदारांनी मुख्यमंत्र्यांकडे गाऱ्हाणं नेलं आणि कारवाई ढिली झाली. पुणेकरांना डोक्याचं एवढं वावडं का, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण दुचाकीवाला मतदार एकगठ्ठा आहे असं आमदारांना नुसतं वाटलं, तरी यंत्रणा हलते. हीच ताकद खड्डे, रस्त्यावरचे दिवे, सर्व्हिस रोड आणि अपघातग्रस्ताला पहिल्या तासात मिळणारा दवाखाना यासाठी वापरली असती तर? बीड बायपासवर दुचाकीवाले वर्षानुवर्षं चिरडले गेले. त्या रस्त्यासाठी कुठल्या पक्षाच्या दुचाकी रॅलीने अर्धा तास तरी गाड्या बंद करून धरल्या?

रिक्षावाल्यांकडे बघा. दुचाकींच्या तुलनेत रिक्षा किती थोड्या! पण त्यांच्या संघटना आहेत, स्टँडवर पाटी आहे, पाटीवर अध्यक्षाचं नाव आहे. एक रिक्षाचालक या राज्याचा मुख्यमंत्री झाला, आणि २०२४ मध्ये ऑटोरिक्षा व टॅक्सीचालकांसाठी आनंद दिघे यांच्या नावाने कल्याणकारी मंडळ मंजूर झालं. ते किती चालेल ते चालेल, पण मागायला जागा तरी झाली. राजस्थानात तर दुचाकीवरच पोट असलेल्यांनी, म्हणजे मोबाइल अॅपवर जेवण आणि सामान पोचवणाऱ्या पोरांनी, हे करून दाखवलं. त्यांच्या संघटना निवडणुकीच्या वर्षात कागद घेऊन पुढाऱ्यांच्या दारात गेल्या, आणि जुलै २०२३ मध्ये तिथल्या विधानसभेने अशा कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला. डिसेंबरात सरकार बदललं, अंमलबजावणी रेंगाळली. पण पुढच्या राज्यांना दाखवायला नमुना झाला.

आमच्याकडे अशी पाटीच नाही. पाचशे गाड्या जमतात आणि दुपारी विरघळतात. त्यामुळे तुमच्यापैकी कुणीही या पोरांचं काही देणं लागत नाही. दोष तुमचा एकट्याचा नाही, हे पोरांनाही ऐकवतो. बाबांनो, तुम्ही सकाळी एकाची रॅली करता आणि संध्याकाळी दुसऱ्याची, उपरणं डिकीत बदलता. तेल मिळालं की विषय संपला असं तुम्हीच ठरवल्यावर तुमचं मोल एका लिटरपुरतं राहणारच. सायलेन्सर बदलून फटाके फोडणाऱ्याला गल्लीतली म्हातारी शिव्या देते, आणि मत द्यायला तीच म्हातारी सकाळी सातला रांगेत असते. तिच्या मनातून उतरलात की ज्या उमेदवारासाठी घसा फोडलात तोही उतरतो.

आता छावणीच्या मतांचं. माननीय महोदय, आम्ही छावणीकर लोकसभेला आणि विधानसभेला मत देतो. महापालिकेला नाही, कारण आमच्या नळ, नाली, दिव्याचा कारभार छावणी परिषदेकडे आहे आणि ती संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. २००६ च्या कटक मंडळ कायद्याप्रमाणे तिथे निवडून आलेले सदस्य असायला हवेत. शेवटची निवडणूक जानेवारी २०१५ ला झाली. मुदत संपली, मुदतवाढ संपली, २०२१ पासून निवडून आलेलं कुणी नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशातल्या ५७ छावणी परिषदांची निवडणूक ३० एप्रिलला घ्यायचं जाहीर झालं. इथेही इच्छुकांनी फलक लावले, पोरांनी गाड्या धुतल्या, आणि मार्चमध्ये ती अधिसूचना रद्द झाली. नागरी वस्त्या शेजारच्या महापालिकांत विलीन करायच्या, म्हणून आता निवडणूक कशाला, असा तो सूर होता. पण विलीनीकरणाचा प्रश्न लोंबकळतच राहिला. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, कामठी आणि आम्ही, महाराष्ट्रातल्या सातही छावण्यांची हीच गत.

म्हणजे आज विशीतल्या छावणीकराने आयुष्यात स्वतःच्या गल्लीच्या प्रतिनिधीसाठी मत दिलेलं नाही. त्याने गुलमंडीसाठी गाडी फिरवली, टीव्ही सेंटरसाठी फिरवली, सातारा-देवळाईसाठी फिरवली. जिथे कुठला नगरसेवक झाला तरी त्याच्या दारातली नाली साफ होणार नाही, तिथे त्याने हॉर्न वाजवला. नगर नाक्यापासून गोलवाडीकडे वाळूजला जाणारा रस्ता पाळी सुटल्यावर बघा. हजारो दुचाकी, मधे ट्रक, कडेला जागा नाही. हद्द कुठे छावणीची, कुठे महापालिकेची, कुठे महामार्गवाल्यांची. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. त्या रस्त्यावर रोज जीव मुठीत धरून जाणारा पोरगाच तुमच्या रॅलीत पहिल्या रांगेत असतो.

म्हणून तुमच्याकडे काही मागणं आहे. पोरांनी एकत्र बसून ठरवावं अशी माझी इच्छा आहे, पण तोवर मीच लिहितो. छावणी परिषदेची निवडणूक घ्या, नाहीतर विलीनीकरण करून आम्हाला महापालिकेत मत द्या, यापैकी एक काहीतरी ठराविक मुदतीत व्हावं, असा ठराव तुमच्या पक्षाच्या शहर कार्यकारिणीने करावा आणि खासदारांमार्फत संरक्षण मंत्रालयाकडे पाठवावा. तुमच्यातल्या बहुतेकांचा पक्ष या ना त्या सरकारात आहे. ज्यांचा नाही त्यांना लोकसभेत प्रश्न विचारता येतो. जो पक्ष ठरावाची प्रत आणून दाखवेल, त्याच्या उमेदवारासाठी गाड्या काढायच्या, बाकीच्यांना नम्रपणे नाही म्हणायचं, असं मी चौकातल्या पोरांना सांगतो आहे. अर्धी हसतात. अर्ध्यांना पटायला लागलं आहे.

रॅली काढायचीच असेल तर ज्या मुलाला बोलावता त्याचं नाव, परवाना आणि रक्तगट लिहून घ्या, त्या दिवसापुरता सामूहिक अपघात विमा उतरवा आणि तो खर्च उमेदवाराच्या हिशेबात उजळ माथ्याने दाखवा. हेल्मेट नसलेल्याला मैदानातूनच परत पाठवा. उपरणं हेल्मेटवरून बांधता येतं. गुन्हा दाखल झाला तर वकील पक्षाचा. आणि ‘किती गाड्या आणतो’ हे विचारणाऱ्या भाऊला एकदा विचारून बघा की, त्याच्या यादीभागात किती घरं बंद आहेत आणि किती मतदार गेल्या वर्षभरात वारले. त्याला उत्तर आलं नाही तर रॅलीत मागच्या रांगेत बसणाऱ्या एखाद्या पोराला विचारा. तो रोज त्या गल्ल्यांत सिलिंडर, औषधं नाहीतर जेवणाचे डबे पोचवतो. कुठल्या दाराची बेल बंद आहे इथपर्यंत त्याला ठाऊक असतं. बूथवर बसवायला माणूस शोधताना तुम्ही नेमकं त्यालाच विसरता.

या पत्रावर प्रत्यक्ष बोलायचं असेल तर छावणीत जरूर या. गुरुवार तेवढा सोडून या. त्या दिवशी बाजार असतो, गाडी लावायला जागा मिळत नाही.

कळावे,

आपला,
छावणीतला एक मतदार
(लोकसभा व विधानसभेपुरता)